ऐंशी सेकंदांत दहा गोळ्या: जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा

नमस्कार. 'थ्री नॉट थ्री' हे नाव महाराष्ट्रात ठाऊक नसलेला माणूस विरळाच. एनसीसीच्या कवायतीत ही रायफल अनेकांनी खांद्यावर वागवली आहे आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत रेल्वे स्थानकावरच्या पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. तिचे इंग्रजी नाव ली-एनफील्ड. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा, ही तिच्या काळातील बहुतेक सर्व लष्करी रायफलींची रीत होती. भारतात सामान्य परवानाधारकाला .३०३ बोअर मिळत नाही. म्हणून आज आपण जाणार आहोत अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावरील कॅम्प पेरी येथे, जिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होत आल्या आहेत.

तिथे 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम' ही संस्था जुन्या लष्करी रायफलींसाठी वेगळ्या स्पर्धा भरवते. अमेरिकेच्या एम १९०३ स्प्रिंगफील्डसाठी एक स्पर्धा असते, तर ली-एनफील्ड, जर्मन माउझर, रशियन मोसिन-नागांत, स्वीडिश एम ९६, स्विस के ३१ वगैरेंसाठी दुसरी. रायफल सैनिकाच्या हाती दिली गेली होती त्याच रूपात असावी, हा नियमांचा गाभा आहे. लाकडी दस्त्यात राळ ओतून नळी पक्की बसवणे चालत नाही, दुर्बीण लावणे चालत नाही आणि चाप ओढायला लागणारा जोर साडेतीन पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १.६ किलोपेक्षा, कमी ठेवता येत नाही.

अंतर २०० यार्ड असते. आधी पालथे पडून दहा गोळ्या सावकाश झाडायच्या, नंतर त्याच स्थितीत दहा गोळ्या ८० सेकंदांत आणि शेवटी उभ्याने दहा. एकूण गुण ३००. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ सात इंचांचे असते, आणि जुनी लष्करी रायफल नळी चांगली असली तरी २०० यार्डांवर साधारण तेवढ्याच घेरात गोळ्या टाकते. म्हणजे चूक करायला जागाच उरत नाही.

नवखा माणूस रायफल निवडताना 'सर्वांत अचूक कोणती' असे विचारतो. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. सावकाश नेमबाजीत बहुतेक रायफली एकमेकींच्या जवळपासच राहतात; निकाल फिरतो तो त्या ८० सेकंदांत. माउझर, स्प्रिंगफील्ड आणि मोसिन यांच्या पेटीत पाचच काडतुसे मावतात, त्यामुळे मध्येच पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून पेटी पुन्हा भरावी लागते. हा वेळ वजा केला की प्रत्येक गोळीच्या वाट्याला सहा-सात सेकंद येतात, आणि तेवढ्यात बोल्ट फिरवून, श्वास रोखून, माशी (नळीच्या टोकावरील नेमाची खूण) पुन्हा लक्ष्याखाली आणायची असते.

इथे यंत्राची रचना बोलू लागते. ली-एनफील्डचा बोल्ट अवघा ६० अंशांत फिरतो, त्याची मूठ चापाच्या अगदी जवळ येते आणि आतील कमान (काडतुसावर आघात करणारी पिन पुढे हाणणारी स्प्रिंग) बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते, त्यामुळे मूठ वर उचलताना जोर लागत नाही. १९१४ पूर्वी ब्रिटिश सैनिकाला एका मिनिटात ३०० यार्डांवर नेम धरून पंधरा गोळ्या झाडाव्या लागत, ते या रचनेच्या बळावरच. माउझर ९८ मध्ये कमान मूठ उचलतानाच ताणली जाते. दंडात जोर नसेल तर रायफल खांद्यावरून हलते आणि जमवलेली स्थिती मोडते. मोसिनची मूठ आखूड आणि सरळ, त्यामुळे घाईत ती हाताला लागतच नाही. के ३१ चा बोल्ट फिरवायचा नसतो, सरळ ओढायचा असतो, हा तिचा मोठा फायदा. ली-एनफील्डची एक खोड मात्र सांगायला हवी. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि पेटीत वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे पडली की दोन्ही अडकतात. म्हणून पट्टीत काडतुसे कोणत्या क्रमाने लावली आहेत, हे आधीच पाहून ठेवावे लागते.

नेम धरण्याच्या पट्ट्या युद्धासाठी आखलेल्या होत्या, स्पर्धेसाठी नव्हे. स्वीडिश एम ९६ ची सर्वांत खालची खूण ३०० मीटरची आहे. २०० यार्डांवर तिच्या गोळ्या वर जातात, म्हणून काळ्या वर्तुळाच्या बऱ्याच खाली नेम धरावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र नेम धरताना खाचेपेक्षा छिद्रातून पाहणे सोपे जाते, आणि त्यांच्यासाठी तसे छिद्र असलेली स्प्रिंगफील्डची १९०३ ए ३ ही आवृत्ती किंवा ली-एनफील्ड क्रमांक ४ बरी.

विकत घेण्यापूर्वी क्रमांक पाहावा. स्प्रिंगफील्ड कारखान्यातील ८,००,००० खालील क्रमांकाच्या एम १९०३ झाडू नयेत, कारण त्या काळी पोलादाचा ताव कारागीर नुसत्या डोळ्याने जोखत असे. काही तुकडे जास्त तापून ठिसूळ झाले आणि पुढे फुटले. अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मराठी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील संघराज्य कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई असून शिकारीचा वैध परवाना हा मुख्य अपवाद आहे. त्यामुळे रेंजवर उसनी रायफल हाती घेण्यापूर्वीही वकिलाला विचारावे.

आता साफसफाई. जुन्या लष्करी साठ्यातील पुष्कळशा काडतुसांच्या टोपीत (बुडातील, आघाताने पेट घेणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असते आणि ते जळल्यावर नळीत क्षार उरतो, जो हवेतील ओल ओढून घेतो. तेलात तो विरघळत नाही, म्हणून नुसते तेल लावून रायफल ठेवणाऱ्याची नळी काही दिवसांत गंजते. त्याच संध्याकाळी नळीत गरम पाणी ओतावे, कोरडे फडके फिरवावे आणि मगच तेल लावावे.