इन्सुलिन ४० की १००? सिरिंज उचलायच्या आधी हे बघा

नमस्कार, पुण्यातून बोलतेय, आणि आज फक्त इन्सुलिनवर बोलायचंय. फाईव्ह राईट्स, म्हणजे औषध देताना तपासायच्या पाच गोष्टी, आपल्या नर्सेसना झोपेतून उठवून विचारले तरी म्हणता येतात, राईट पेशंट, राईट ड्रग, राईट डोस सगळं, पण राईट डोस म्हणजे लेबलवर नेमकं कुठं बघायचं हे शिकवताना घाईत उरकतात आणि मग नवीन मुलगी नाईटला एकटी उभी असते तेव्हा गडबड होते.

(दोन व्हायल कॅमेऱ्याजवळ)

हे बघा, दोन्ही रेग्युलर इन्सुलिन, दोन्ही १० एमएलच्या, दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. ह्या हातातल्या लेबलवर लिहिलंय ४० आययू पर एमएल, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, ह्या हातातल्या १००. आपल्याकडे दोन्ही मिळतात, आणि इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिज (आत बसणाऱ्या औषधाच्या नळ्या) साधारणपणे १०० च्याच असतात. म्हणजे सारखीच दिसणारी बाटली, पण एका थेंबात अडीचपट औषध.

आता सिरिंज. लाल टोपीची यू-४० साठी, केशरी टोपीची यू-१०० साठी. पण रात्री वॉर्डातले अर्धे लाईट बंद असतात, लाल आणि केशरी काही वेगळं कळत नाही, शिवाय ट्रेमध्ये टोप्यांची अदलाबदल होते, त्यामुळे टोपीवर अजिबात जाऊ नका, बॅरलवर जे छापलंय ते वाचा.

समजा ऑर्डर २० युनिटची आहे. व्हायल १०० ची आणि हातात सिरिंज ४० ची. तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलं, तुमच्या मते डोस बरोबर. पण त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि १०० च्या व्हायलमधलं अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट! उलटं झालं, व्हायल ४० ची, सिरिंज १०० ची, तर २० च्या रेघेवर ०.२ एमएल, म्हणजे फक्त ८ युनिट जाणार, मग शुगर उतरत नाही म्हणून राऊंडला डोस वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज वापरली की तोच वाढवलेला डोस पूर्ण जातो. ही दुसरी बाजू कुणी बोलतच नाही.

सगळ्यात जास्त भीती मला कशाची वाटते सांगू का, पेनची सुई संपलेली असते आणि कुणीतरी कार्ट्रिजमधूनच लाल टोपीच्या सिरिंजने ओढून घेतं. कृपा करून हे करू नका. आणि पेन एका पेशंटचं दुसऱ्याला नाही म्हणजे नाही, सुई बदलली तरी नाही, कारण रक्त मागे कार्ट्रिजमध्ये येऊ शकतं.

आपल्या पुण्यात अजून एक होतं. नातेवाईक रात्री चिठ्ठी घेऊन बाहेर पळतात, कोथरूडमध्ये नाही मिळालं तर सदाशिव पेठेत, जिथं मिळेल तिथून आणतात, काल ४० ची होती आज १०० ची आली हे त्या बिचाऱ्यांना कसं कळणार? ते आपणच बघायचं, प्रत्येक नवीन व्हायलला. भोर, जुन्नरकडचे पेशंट घरची इन्सुलिन डब्यात बर्फ घालून आणतात, ती गोठली असेल तर टाकून द्यायची, वितळवून वापरायची नाही.

डबल चेकचं सांगते. "अगं, २० भरलंय, बघ ना" असं म्हटलं की समोरची हो म्हणणारच, तिच्या डोक्यात तुम्ही २० घालूनच दिलंय. त्यापेक्षा ट्रीटमेंट शीट, व्हायल आणि भरलेली सिरिंज तिच्या हातात द्या आणि गप्प उभ्या राहा, किती आहे ते तिला सांगू दे. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. फोनवर आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, म्हणाले "अर्धा एमएल दे", तर "सर, किती युनिट?" असं विचारायचंच, आकडा परत वाचून दाखवायचा आणि शीटवर युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसता इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

आता थोडं फार्मॅकोलॉजी, कारण वेळ कळली की धोका कुठं आहे ते कळतं. रेग्युलर त्वचेखाली दिलं की साधारण अर्ध्या तासात काम सुरू, २ ते ४ तासांत जोर सगळ्यात जास्त, आणि ६ ते ८ तास असर राहतो. म्हणजे रात्री ८ ला दिलेलं १० ते १२ च्या दरम्यान शुगर खाली खेचतं, जेव्हा पेशंट झोपलाय आणि नातेवाईकही घोरतोय. घाम, थरथर, धडधड, बडबड ही शुगर फार उतरल्याची लक्षणं, पण पेशंट प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरवर (बीपी-हृदयाचं औषध) असेल तर थरथर आणि धडधड दिसणार नाही, घाम मात्र येतो, म्हणून रात्री कपाळाला हात लावून बघा. आणि द्यायच्या आधी विचारा, जेवण येणार आहे का, सकाळी ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवलंय का.

चुकीचा डोस गेलाच तर? लगेच आरएमओला सांगा, लक्षणांची वाट बघू नका, शुगर तपासा. ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, १५ मिनिटांनी परत तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, ऑर्डरप्रमाणे. एकदा शुगर ११० आली म्हणून सुटलो असं समजू नका, जास्त डोसचा असर लांबतो, ती परत पडते. म्हणून पुढचे कित्येक तास तपासत राहायचं आणि सकाळच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये लिहून द्यायचं, किती युनिट गेलं, किती वाजता, शेवटची शुगर किती.

तुमच्या वॉर्डात ४० येते की १०० की दोन्ही, खाली कमेंटमध्ये सांगा, आणि दोन्ही येत असतील तर आजच इन्चार्जशी बोला, एकच ठेवता येईल का.