मीटरच्या पुढचं पाणी

(माहितीपटाचं निवेदन. पुणे, पहाट. सिंहगड रस्त्याला लागून असलेली गल्ली. पाणी सोडणारा माणूस लांब चावीनं रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवतो आहे.)

पाणी सुटलं. आधी नळातून हवा निघते, नळ दोनदा खाकरतो, मग गढूळ धार येते आणि थोड्या वेळानं नितळ. इथल्या बायका पहिली बादली पिण्यासाठी कधीच भरत नाहीत. ती फरशीला किंवा कुंड्यांना जाते. ही सवय अगदी योग्य आहे. तिच्यामागचं कारण जमिनीखाली आहे.

काल पाणी गेल्यापासून ही नळी रिकामी पडून होती. नळीत पाण्याचा दाब असतो तोवर सांधा गळका असला तरी पाणी आतून बाहेर जातं. दाब गेला की प्रवास उलटा होतो. आजूबाजूच्या मातीतली ओल आणि गटारातून पाझरलेलं पाणी त्याच फटीतून आत शिरतं. आणि अशा वेळी कुणी नळाला थेट मोटर लावली, तर नळी बाहेरचं सगळं ओढूनच घेते. मोटर एका घरात असते, पण घाण गल्लीतल्या पुढच्या घरांनाही मिळते.

(कात्रज. तलावाचा बांध, मग झाडीत उभा असलेला दगडी उच्छ्वास.)

पुण्याला पाण्याची वाट बंदिस्त ठेवण्याचं महत्त्व फार आधी कळलं होतं. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजच्या पाणी योजनेचं काम हाती घेतलं. डोंगरातून येणारं पाणी आधी वरच्या तलावात थांबायचं, गाळ तिथे बसायचा, मग ते खालच्या तलावात यायचं. तिथून दगड-चुन्याच्या भूमिगत नळातून, केवळ उतारावर, ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पोचायचं. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद, नाना हौद. काही हौद गेले, पण त्यांची नावं चौकांना अजून चिकटून आहेत. हे जे दगडी मनोरे दिसताहेत, ते उच्छ्वास. नळातली कोंडलेली हवा इथून बाहेर पडायची आणि माणसाला आत उतरून गाळही काढता यायचा. म्हणजे बांधणाऱ्यानं नळ साफ करायची सोय पहिल्या दिवशीच करून ठेवली होती. आज आपण इमारतीखाली टाकी बांधतो, तेव्हा हा विचार किती जण करतात?

(खडकवासला. भिंत, दरवाजे, पाण्याचा फेस.)

१८८० च्या सुमारास खडकवासल्याचं धरण उभं राहिलं आणि शहराचा आधार मुठेकडे सरकला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. पुराच्या आठवणी पुण्यात पुष्कळ सांगितल्या जातात. त्यानंतर नळ कोरडे पडले आणि माणसं पुन्हा वाड्यांतल्या आडांवर गेली, हे त्यामानानं कमी सांगितलं जातं. आज टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चारही धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, पाणी मावतं. पावसाळ्यात रोज त्याचा आकडा छापून येतो आणि आपण तो वाचून निर्धास्त होतो. तो आकडा पाणी किती आहे ते सांगतो. पाणी कसं आहे, हे त्यातून कळत नाही.

(जलशुद्धीकरण केंद्र. पायऱ्यांवरून कोसळणारं पाणी. गोल टाकी, तिच्यावर संथ फिरणारा पूल.)

धरणाचं कच्चं पाणी आधी असं पायऱ्यांवरून पाडतात. हवा मिसळते, वास उडून जातो. मग तुरटीचा किंवा तिच्यासारख्या रसायनाचा डोस. वाळूच्या कणाहून कितीतरी बारीक, एरवी कधीच खाली न बसणारी माती या डोसामुळे एकमेकींना चिकटते आणि तिचे कापसासारखे पुंजके होतात. या गोल टाकीत ते सावकाश तळाला जातात. कडेवरून ओसंडणारं पाणी बघा, आत आलं तेव्हा ते चहाच्या रंगाचं होतं. पुढे वाळूचे गाळे. वाळूतून झिरपताना उरलेसुरले कण अडतात. वाळू तुंबली की खालून उलटं पाणी आणि हवा सोडून ती धुतात. हे दृश्य आम्हाला मुद्दाम थांबून दाखवायचं होतं, कारण हा टप्पा गाळला तर पुढच्या क्लोरिनचा बराचसा जोर मातीतच खर्च होतो. गढूळ पाण्यातले जंतू कणांच्या आड लपतात.

आणि शेवटी क्लोरिन. त्याला काम करायला किमान अर्धा तास लागतो. जंतू मारून झाल्यावर थोडा क्लोरिन मुद्दाम पाण्यात शिल्लक ठेवायचा असतो. तो पुढच्या प्रवासाचा राखणदार. भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं, की असा मुक्त क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. विषाणूंचा धोका असेल तिथे किमान ०.५.

(सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडीकडे जाणारे फाटे. टँकर. नव्या इमारतींवरच्या काळ्या टाक्या.)

२०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. इमारती आधीच आल्या होत्या, शुद्धीकरण केंद्राचं पाणी मात्र सगळीकडे पोचलं नव्हतं. या पट्ट्यातल्या काही भागाला विहिरीचं पाणी क्लोरिन घालून दिलं जात होतं. गाळण्याचा टप्पा त्यात नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये याच परिसरात गिया-बारे (जीबीएस) या नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला, काही माणसं गेली.

(रुग्णालयाबाहेरचा बाक. निवेदन नाही.)

(चार मजली सोसायटी. जिन्याखाली मीटर. एका काकूंच्या हातात काचनळी आणि छोटी बाटली.)

आता आपण मीटरपाशी आलो. इथवरचं पाणी कुणीतरी तपासतं. मीटरच्या पुढे ते सोसायटीचं, आणि सोसायटीचं म्हणजे बहुतेक वेळा कुणाचंच नाही. आम्हाला सांगायचं आहे ते या पुढच्या काही फुटांबद्दल.

काकूंच्या हातातली बाटली ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिनची. गावातले आरोग्यसेवक आणि ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ही चाचणी नेहमी करतात. शहरात मात्र फार थोड्या घरांनी ती पाहिली आहे. काचनळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, सांगितले तेवढे थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरिन आहे. किती, ते डबीवरच्या रंगपट्टीशी जुळवून कळतं. उशिरा आलेला पिवळा धरायचा नाही, तो अडकून पडलेल्या क्लोरिनचा असतो. चाचणी झालेलं पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही, ओतून हात धुवायचे. हे रसायन घातक आहे. म्हणूनच आता बऱ्याच ठिकाणी डीपीडीची गोळी वापरतात. तिनं रंग गुलाबी येतो आणि ती जास्त भरवशाची आहे.

मीटरच्या नळाला रंग आला: पिवळा, स्पष्ट.

खालच्या टाकीतलं पाणी: फिकट, पट्टीवर जुळवायला कठीण.

वरच्या टाकीतून तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात आलेलं पाणी: काही नाही. साधं पाणी दिसतं तसंच.

पाणी तेच, इमारत तीच. राखणदार वाटेत संपला. काही क्लोरिन नुसता वेळेनं आणि उन्हात तापलेल्या टाकीनं खाल्ला. उरलेला कशावर खर्च झाला, ते शोधायला प्लंबर खाली उतरला.

(खालच्या टाकीचं झाकण. पहार. झाकण सरकतं.)

"काकू, हे शेवटचं कधी उघडलं होतं?"

"अहो, रंगाचं काम झालं तेव्हा असेल."

झाकणाच्या कोपऱ्याचा सिमेंटचा तुकडा निघालेला आहे. पार्किंग धुतलं की पाणी उताराने इकडेच येतं. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही, म्हणजे डास, पाली, झुरळं यांना वाट मोकळी. तळाशी बोटभर गाळ. आणि हा बघा ड्रेनेजचा चेंबर, टाकीपासून हातभर अंतरावर. त्याच्या भिंतीतून आडवी गेलेली ही गंजकी नळी पिण्याच्या पाण्याची आहे. मैल्याच्या चेंबरमधून ती पाणी घेऊन जाते. बांधणाऱ्यानं चार फूट पाइप वाचवला.

आम्ही दाखवतोय ती एक इमारत आहे. पण प्लंबर म्हणतो, "असं दर दोन-चार कामांमागे सापडतं," आणि त्याच्या आवाजात आश्चर्य नाही.

(टाकीची सफाई. निवेदन संथ.)

आता सफाई. घाईत इथेच जीव जातात, त्यामुळे हे नीट ऐका. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, प्राणवायू कमी असू शकतो. झाकण उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, बाहेरून पंख्यानं हवा सोडायची. आत माणूस असेल तर वर दुसरा माणूस हवाच, हातात दोर धरून. आतला बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग उडी मारायची नाही. अशा वेळी वाचवायला गेलेलाही जातो. पेट्रोल-डिझेलचा पंप टाकीच्या तोंडाशी चालवायचा नाही, त्याचा धूर आत भरतो. विजेची मोटर उपशाला लावली असेल, तर माणूस पाण्यात उतरण्याआधी तिचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मोटरला अर्थिंग आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, कायमच हवेत.

घासायला नायलॉनचा ब्रश. ॲसिड नको. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरायची असते. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, आणि तो बंद टाकीत म्हणजे काय, हे सांगायला नको. घासून, गाळ उपसून, टीसीएलच्या पाण्यानं भिंती धुऊन, ते पाणी काढून टाकायचं, आणि मग भरायचं.

भरलेल्या टाकीत चांगल्या टीसीएलचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवायची, खडे खाली बसू द्यायचे, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा ओटी बघायची. पावडर उघड्या गोणीत, ओलीत राहिली असेल तर तिच्यातला क्लोरिन उडून गेलेला असतो. दिसायला ती पांढरीच राहते. त्यामुळे मापावर विसंबायचं नाही, रंगावर विसंबायचं.

काम झालं की झाकणाला कुलूप. उघड्या टाकीत लहान मुलं पडून गेली आहेत.

(स्वयंपाकघर. भिंतीवर शुद्धीकरण यंत्र. खाली वीस लिटरचा जार.)

"आमच्याकडे मशिन आहे," हे उत्तर आम्हाला दारोदारी मिळालं. मशिन असावं, पण त्याचं काम समजून. धरणाचं पाणी मुळात गोडं, क्षार कमी असलेलं. आरओ क्षार काढायला असतो, आणि ते करताना बरंच पाणी मोरीत सोडून देतो. शिवाय यंत्रातला कोळसा क्लोरिनही काढून घेतो. म्हणजे यंत्रातून निघालेलं पाणी हंड्यात दोन दिवस ठेवलं तर त्याला राखणदार उरलेला नाही. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे क्षार आणि नायट्रेट तपासायला हवेत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि उकळून नायट्रेट जात नाही.

जारचं पाणी थंड असतं. त्याहून जास्त काही तो जार स्वतःबद्दल सांगत नाही. सीलबंद, मानक चिन्हाचं पाणी वेगळं, आणि कुणाच्या शेडमध्ये भरलेला थंडगार जार वेगळा.

(सोसायटीचा फलक. कागद चिकटवला जातो.)

या सोसायटीनं चेंबरमधली नळी काढून नवी नळी वरून, भिंतीला धरून नेली. झाकण बदललं. फलकावर आता तक्ता आहे: तारीख, मीटर, खालची टाकी, वरची टाकी, शेवटचं स्वयंपाकघर. दर रविवारी एक घर रंग बघून भरतं. आमची मागणी आहे की असाच तक्ता प्रत्येक प्रभागात, गल्लीच्या शेवटच्या नळाचा, रस्त्यावर सगळ्यांना वाचता येईल असा लागावा. धरणाचा आकडा रोज छापता येतो, तर हाही येईल.

(प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली. हाताचं जवळून दृश्य.)

क्लोरिन हा रोजचा अंदाज. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची आणि विसळायची नाही. तिच्यात क्लोरिन निकामी करणारं रसायन आधीच घातलेलं असतं. ते धुतलं गेलं तर उरलेला क्लोरिन वाटेतच जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळावरची जाळी काढायची, दोन-तीन मिनिटं धार सोडायची, धातूचा नळ असेल तर त्याचं तोंड ज्योतीनं तापवायचं. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. वर थोडी जागा सोडून भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू, एकही नसावा. असेल, तर पिण्याचं पाणी त्या संध्याकाळपासून उकळून, खळखळा उकळी येऊ देऊन, आणि प्लंबरला निरोप.