खडकावरून काढून टाकलेली दोन माणसं

मंडळी, पडद्यावर आहे ते अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं 'नॉर्थईस्टर'. मूळ तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, जेमतेम तीन फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला झोडपणाऱ्या वादळांना तिकडे याच नावाने ओळखतात.

नजर खालच्या डाव्या कोपऱ्यात न्या. काळपट तपकिरी खडक तिरका पाण्यात उतरलाय. पाय रोवून उभं राहावं एवढीही जागा होमरने आपल्याला दिलेली नाही. समोरून लाट उठतेय, आणि जिथे तिचं पाणी पातळ होतं तिथला हिरवा रंग बघा. पाण्याच्या पलीकडून उजेड झिरपल्यासारखा. चित्रातला एवढाच काय तो खुलता रंग. डावीकडे तुषारांचा प्रचंड लोट उसळलाय. आभाळ राखाडी. होडी नाही, दीपगृह नाही, माणूस नाही.

पण आधी माणसं होती. १८९५ साली हे चित्र लोकांसमोर आलं, तेव्हा या खडकांवर वादळापासून बचाव करणारे कपडे घातलेले दोन पुरुष दबकून बसलेले होते आणि तुषारांचा लोट आजच्याहून लहान होता. चित्र लोकांना आवडलंही होतं. तरी होमरने ते पुन्हा हाती घेतलं, दोघांनाही रंगाखाली गाडलं आणि लोट वाढवला. १९०१ पर्यंत चित्राला आजचं रूप आलं होतं.

होमर मुळात माणसांचा चित्रकार, म्हणून मला हे फार मोठं वाटतं. १८३६ साली बोस्टनला जन्मलेला हा माणूस अमेरिकेच्या यादवी युद्धात 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी सैनिकांच्या छावण्या रेखाटत होता. पुढे इंग्लंडमधल्या कलरकोट्स या मच्छीमार गावात दीडेक वर्ष राहिला आणि तिथल्या कोळणी रंगवल्या. १८८३ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर मुक्कामाला आला. घोडागाडी ठेवायच्या इमारतीचा स्टुडिओ करून घेतला, त्याला समुद्राकडे तोंड करून सज्जा बांधला. १९१० मध्ये तिथेच वारला.

खडकावर माणूस दिसला की आपण लगेच त्याची काळजी करू लागतो. हे वाचतील का? कुणाची वाट बघताहेत? समुद्र मग त्यांच्या गोष्टीतला एक प्रसंग होऊन बसतो. ती दोघं गेली आणि लाटेसमोर थेट आपण आलो. माझ्या मते होमरने केलेली ही सगळ्यात धाडसी दुरुस्ती. गंमत म्हणजे, १८९४ च्या 'वेदरबीटन'मध्ये त्याने नुसता खडक आणि लाट रंगवली होतीच. म्हणजे वाट सापडलेली होती, तरी पुढच्याच वर्षी त्याला माणसांचा आधार घ्यावासा वाटला.

आणि 'नुसता समुद्र' म्हणजे सोपं काम, असं कुणी समजू नये. १९०० च्या 'वेस्ट पॉइंट, प्राउट्स नेक'बद्दल त्याने पत्रात बजावून लिहिलंय की ही वेळ सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांची आहे, त्याच्या एक मिनिटही आधीची नाही. तो उजेड नेमका पकडायला त्याला कित्येक दिवस निरीक्षण करावं लागलं. ते चित्र आता पुढच्या स्लाइडवर बघू. त्यातला क्षितिजावरचा लाल पट्टा आधी बघा.