पडद्यावर दिसत होतं, नोंद होत नव्हती

नमस्कार श्रोतेहो.

गेली १८ वर्षं मी नागपूरच्या शाळांमध्ये कॅमेरे, इंटरकॉम, विजेच्या घंटा आणि स्पीकर बसवण्याचं काम करतो. दुकान सीताबर्डीला आहे, पण दिवस बहुतेक शिडीवरच जातो. आज याच यंत्रांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. सुरुवात माझ्या हातून राहून गेलेल्या एका कामापासून करतो.

एप्रिलचे दिवस, सकाळची शाळा. दुपारी बाराच्या सुमारास पूर्व नागपुरातल्या एका शाळेतून फोन आला. "दादा, पहिलीतली एक मुलगी घरी पोचली नाही. रेकॉर्डिंग काढायचं आहे, असाल तसे या." मी गेलो. मुख्याध्यापिकांच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर आठही कॅमेऱ्यांची चित्रं लख्ख दिसत होती. फाटक, पटांगण, जिना, व्हरांडा. मुलीच्या आईला खुर्ची दिली होती, पण त्या बसत नव्हत्या. मी माऊस हातात घेतला आणि साडेअकराचं, शाळा सुटतानाचं चित्रण शोधायला लागलो. या यंत्रात एक कॅलेंडर असतं. ज्या दिवसाचं रेकॉर्डिंग झालं आहे त्या तारखेवर खूण दिसते. आजच्या तारखेवर खूण नव्हती. कालच्याही नव्हती. मागे मागे जात राहिलो, तर शेवटची खूण पाच आठवड्यांपूर्वीची.

हार्ड डिस्क बंद पडली होती. थेट चित्र दिसायला डिस्क लागत नाही, ती लागते साठवायला. त्यामुळे पडदा रोज सुरू, आणि रोज सगळ्यांना वाटत होतं की कॅमेरे चालू आहेत. डिस्क बिघडली तर यंत्रानं पी-पी असा आवाज करावा, अशी सोय त्यात असते. ती मेन्यूमध्ये जाऊन चालू करावी लागते. बसवताना मी ती केली नव्हती.

मुलगी सापडली ती फाटकावरच्या मावशींच्या वहीमुळे. साधी दोनशे पानी वही. कुठल्या व्हॅनमध्ये आणि कुठल्या ऑटोत कोण कोण बसतं, गाडीचा नंबर, चालकाचा फोन, सगळं त्यांनी हातानं लिहून ठेवलं होतं. त्या दिवसापुढे लिहिलं होतं, "काका आजारी, भाचा आला." त्या भाच्याला फोन लागला. तो तोवर दुसऱ्या शाळेबाहेर कडुनिंबाखाली गाडी लावून उभा होता. मागच्या सीटवर बघायला सांगितलं, तर दोन दप्तरांच्या आड पोरगी झोपलेली. खिडक्या उघड्या होत्या, सावली होती, म्हणून निभावलं. बाहेर पारा ४२ वर होता. आणली तेव्हा चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, आणि एवढी माणसं का जमली आहेत हे तिला कळत नव्हतं.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी कुठल्याही शाळेत काम संपवताना विचारतो, की हे यंत्र रोज बघणार कोण? नाव सांगा. "आम्ही बघतो" हे उत्तर मी घेत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या प्रकरणातही कॅमेऱ्यांचं चित्रण हाती लागलं नाही. त्यानंतर २१ ऑगस्टला शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. महिनाभरात प्रत्येक शाळेत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, आणि मुलांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी सखी सावित्री समिती. कॅमेरे बसवण्याची धावपळ आपल्याकडेही झाली, माझ्या दुकानात त्या महिन्यात श्वास घ्यायला वेळ नव्हता. पण त्याच निर्णयात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासायचं, ही जबाबदारी मुख्याध्यापकांची. मला विचाराल तर सगळ्या निर्णयातली सगळ्यात कामाची ओळ ही आहे.

तपासायचं म्हणजे पडद्याकडे बघायचं नाही. कालची तारीख काढायची, शाळा सुटण्याची वेळ काढायची आणि दोन मिनिटं चालवून बघायचं. त्यावेळी कोपऱ्यातलं घड्याळही बघायचं. यंत्राचं घड्याळ हळूहळू मागे-पुढे सरकतं. एका शाळेत ते ४० मिनिटं पुढे होतं. अशा चित्रणावर पोलिसांनी काय ताडून पाहायचं? आणि काही घडलंच, तर त्या दिवसाचा भाग लगेच वेगळा काढून ठेवायचा, कारण डिस्क भरली की यंत्र जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. न्यायालयात ते चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. ते पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे.

किती दिवसांचं साठवायचं? सीबीएसईनं जुलै २०२५ मध्ये आपल्या शाळांना आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बंधनकारक केले आणि १५ दिवसांचं चित्रण ठेवायला सांगितलं. आता हिशेब बघा. एक साधारण चांगला कॅमेरा दिवसाला २० जीबीच्या आसपास जागा खातो. १६ कॅमेरे म्हणजे रोजचे सव्वातीनशे-साडेतीनशे जीबी. पंधरा दिवसांचे पाच हजारांच्या आसपास गेले. आणि कोटेशनमध्ये डिस्क असते चार टीबीची, म्हणजे चार हजार जीबीची, कारण ती स्वस्त पडते. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर जे पालक आहेत, त्यांनी एवढा गुणाकार जरूर करावा.

कॅमेरा कुठे लावायचा यावर माझे पुष्कळदा वाद होतात. स्वच्छतागृहात कॅमेरा कधीच नाही, पण तिकडे जाणारी वाट, जिन्याखालची जागा आणि मागचं फाटक नक्की. फाटकावरचा कॅमेरा इतका उंच नको की नुसती डोकी दिसतील. माणसाचा चेहरा आणि गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. पासवर्ड तर मी सोडतच नाही. यंत्रासोबत आलेला पासवर्ड तसाच ठेवला, तर पोरांचं चित्रण कोण कुठे बसून पाहील याचा भरवसा नाही. काही पालक म्हणतात, आम्हाला घरी मोबाईलवर वर्ग दिसू द्या. त्यांची काळजी मला समजते, पण मी विरोध करतो. तुम्हाला तुमचं मूल दिसेल, तसं दुसऱ्यांची तीस-चाळीस मुलंही दिसतील. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची संमती मागतो, ते उगाच नाही.

आता रस्त्यावरचं. आपल्या शहरात चौकाचौकांत साडेतीन हजारांहून जास्त कॅमेरे आहेत. शाळेच्या बसला २०११ ची नियमावली आहे, शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. बसला जीपीएस असतं, पालकांच्या मोबाईलवर गाडीचा ठिपका सरकताना दिसतो. पण मागच्या सीटवर कोण झोपलं आहे, हे तो ठिपका सांगत नाही. परदेशात काही ठिकाणी शाळेच्या बसमध्ये एक सोपी युक्ती असते. चालकानं इंजिन बंद केलं की भोंगा वाजायला लागतो, आणि तो बंद करायचं बटण असतं शेवटच्या सीटच्या मागे. म्हणजे चालकाला पूर्ण गाडी ओलांडून मागे जावंच लागतं. त्या एप्रिलनंतर मी काही व्हॅनवाल्या काकांना असं बसवून दिलं. एक रिले, एक बझर, एक बटण आणि थोडी वायर. हजार रुपयांच्या आत होतं. ज्या शाळेला हवं असेल त्यांनी आपल्या ओळखीच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला सांगावं, अवघड काही नाही.

आणि घ्यायला येणारा माणूस. नागपूरनं २०१४ चा सप्टेंबर पाहिला आहे. शाळेच्या बसमधून उतरलेलं एक लेकरू ओळखीच्या माणसानं नेलं, ते परत आलं नाही. म्हणून कोणी नवीन माणूस "बाबांनी पाठवलं" म्हणून आला, की फोन करायचा. पण त्यानं दिलेल्या नंबरावर करायचा नाही. आपल्या नोंदवहीतल्या नंबरावर करायचा. फाटकावरच्या माणसाला एवढं पाठ हवं.

ते नंबर तरी बरोबर असतात का? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. रात्रीतून शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली. शनिवार होता, सकाळच्या शाळा. सुट्टी जाहीर झाली, निरोप व्हॉट्सॲपवर गेले. पण ज्यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं त्यांचे फोन बंद, कोणाकडे बटणांचाच फोन, आणि काही घरांत स्मार्टफोन एकच, तो बाबांबरोबर ड्युटीवर. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका त्या दिवशी सकाळी साडेसहाला छत्री घेऊन फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, आलेल्या मुलांना थांबवायला. नऊ मुलं आली होती.

अशा वेळी साधा एसएमएस आणि मराठीतून जाणारा व्हॉइस कॉल जास्त पोचतो. इथे एक बारकी गोष्ट सांगतो, शाळांच्या ऑफिसमध्ये ती बऱ्याचदा माहीत नसते. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ऐन पुराच्या सकाळी नवा मजकूर लिहून पाठवायला गेलात, तर तो जाणारच नाही. म्हणून "आज शाळा बंद", "शाळा लवकर सुटत आहे, मुलांना घ्यायला या", "बसला उशीर, मुलं सुखरूप" असे चार-पाच साचे आताच नोंदवून ठेवा. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, तोवर वेळ आहे. आणि प्रत्येक मुलामागे दोन नंबर घ्या, त्यातला एक आईचा. दर सत्राला एकदा फोन लावून बघा.

घंटेबद्दल थोडं. सलग वाजणारी घंटा म्हणजे बाहेर पडा, हे आगीच्या कवायतीत मुलं शिकतात. पण बाहेर पडू नका, यासाठी घंटा कुठली? २०२१ मध्ये गायत्रीनगर आणि व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या परिसरात बिबट्या फिरत होता, तेव्हा हा प्रश्न मला काही मुख्याध्यापकांनी विचारला. मोहोळ उठलं, मोकाट कुत्री आत शिरली, तरी तोच प्रश्न. तीन तुटक ठोके आणि स्पीकरवर मराठीत एक वाक्य, "दारं लावा, आतच बसा." एवढं पुरतं. वीज गेली की स्पीकर मुका होतो, म्हणून जुना पितळी टोल काढून टाकू नका. मी तर म्हणतो, तो दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतो का हेही एकदा बघा. पोलीस, आग, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२. तो फोन घेणारं राज्याचं दुसरं केंद्र आपल्या नागपुरातच आहे. मुलांसाठी १०९८. हे दोन आकडे मुलांच्या नजरेला येतील अशा उंचीवर रंगवा.

आता शेवटचं, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचं छत कोसळलं. सात मुलं गेली. वाचलेली मुलं सांगत होती की वरून खडे पडताहेत हे आम्ही आधीच सांगितलं होतं. बदलापूरलाही प्रकार उघड झाला तो मुलींनी घरी सांगितल्यामुळे. म्हणजे खबर मुलांकडे होती, आणि ती पोचवण्याला कुठलंही यंत्र लागलं नाही. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, की मुलांच्या संरक्षणासाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची अब्रू वगैरे विचार तिथे चालत नाही. पण मुलानं सांगावं तरी कसं?

गेल्या वर्षी एका शाळेत मी कॅमेऱ्यांची देखभाल करायला गेलो होतो. तक्रारपेटी ऑफिसच्या दाराला लागून, मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच. मुख्याध्यापक सर म्हणाले, वर्षभरात एकही चिठ्ठी आली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. मी पडद्यावर बघितलं, तर ती पेटी बरोबर तीन नंबरच्या कॅमेऱ्याच्या मध्यभागी. चिठ्ठी टाकणारं पोर ऑफिसमधल्या पडद्यावर दिसणार, आणि हे पोरांना आपल्याआधी कळतं. सरांना दाखवलं. ते क्षणभर बोलले नाहीत, मग स्वतः पेचकस घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून पेटी काढली आणि पाण्याच्या नळांकडे जाणाऱ्या वाटेवर, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल अशी लावली. कॅमेरा थोडा डावीकडे वळवला.

दहाव्या दिवशी सरांचा फोन आला. चार चिठ्ठ्या निघाल्या होत्या. एकीवर पेन्सिलनं लिहिलं होतं, "तिसरी ब चा मागचा पंखा कटकट करतो, खाली येईल." सरांनी त्याच दुपारी वर्ग रिकामा करून पंखा उतरवला. ज्या हुकाला तो टांगला होता, तो निम्म्याहून जास्त झिजलेला होता.

नमस्कार.