टार्पन, उधाणाची ओहोटी आणि तिसऱ्या प्रहरचे ढग

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मे-जून महिन्यांत टार्पन नावाचा मोठा समुद्री मासा गरवायला निघणाऱ्या प्रत्येक बोटीपुढे एक अडचण असते. मासा ज्या वेळी सर्वांत जोमाने आमिष घेतो, बहुधा त्याच वेळी आभाळ बिघडते. आजचे हे भाषण त्या अडचणीविषयी आहे.

गॅस्परिला आणि कायो कोस्टा या दोन बेटांमध्ये पाण्याची एक अरुंद, खोल वाट आहे. तिला बोका ग्रँड पास म्हणतात. शार्लट हार्बर या विस्तीर्ण खाडीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर या वाटेने मेक्सिकोच्या आखातात ये-जा करते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी टार्पनांचे थवे येथे जमतात. चांगला वाढलेला टार्पन माणसाहून लांब आणि शंभर पौंडांहून जड असतो. त्याचे खवले रुपयाच्या नाण्याहून कितीतरी मोठे, आणि अंगावरची चकाकी अशी की तिकडचे लोक त्याला ‘चंदेरी राजा’ म्हणतात. त्याची हवेची पिशवी फुप्फुसासारखे काम करते. त्यामुळे तो अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि पाठ दाखवून पुन्हा खाली जातो. गरवणारा शोधतो ती ही पाठ. याच माशाचा एक धाकटा चुलतभाऊ आपल्या भारताच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांतही राहतो, मात्र तो आकाराने फारच लहान.

कोकणातील श्रोत्यांना साहजिकच प्रश्न पडेल की याचे कालवण कसे होते. ते होत नाही. मासा काट्यांनी भरलेला असतो आणि फ्लोरिडात तो फारसा कोणी खात नाही. १८८५ साली न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाने याच भागात काठी आणि रिळावर टार्पन धरला, आणि तेव्हापासून ही शिकार केवळ झुंजीसाठी चालत आली आहे. २०१३ पासून तर धरलेला टार्पन सोडून देणे तेथे बंधनकारक आहे, आणि विक्रमाच्या नोंदीसाठी विशेष टॅग घेतला नसेल तर ४० इंचांहून लांब मासा पाण्याबाहेर उचलताही येत नाही.

आता वेळेकडे येऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते हे आपल्याला ठाऊक आहे. बोका ग्रँडला या दिवसांतली सर्वांत जोरकस ओहोटी दुपारनंतर, संध्याकाळकडे लागते. खाडीतले लहान खेकडे त्या ओढीत सापडून वाहत आखाताकडे येतात, आणि टार्पन त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडतात. बोटी पासाच्या वरच्या अंगाला जाऊन ओढीबरोबर खाली वाहत येतात, खेकडा लावलेला गळ सोडतात, आणि इंजिन लावून पुन्हा वर जातात.

याच तासांत आभाळात दुसरा खेळ चालू असतो. फ्लोरिडाला दोन्ही बाजूंनी समुद्र असल्यामुळे दुपारी दोन्हीकडून खारे वारे जमिनीवर चढतात, जेथे ते एकमेकांना भिडतात तेथे हवा वर ढकलली जाते, आणि पाहता पाहता गडगडाटी ढगांची रांग उभी राहते. ती रांग कोणत्या किनाऱ्याकडे सरकणार, हे त्या दिवशीच्या मुख्य वाऱ्यावर ठरते. सकाळपासून पश्चिमेचा वारा असेल तर ढग आत, पूर्वेकडे जातात. पूर्वेचा असेल तर तिसऱ्या प्रहरानंतर ते आखातावर येतात, आणि तेही जमिनीकडून, म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून.

यावरून पश्चिमेचा वारा सुरक्षित आहे, असे मात्र कोणी समजू नये. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला की लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींच्या अगदी जवळ उठतात. मोकळ्या समुद्रात सहज पेलणारी बोट पासाच्या तोंडाशी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, पाणी आत घेऊ लागते. माझ्या मते विजेपेक्षा या लाटांबद्दल लोक अधिक बेफिकीर असतात, कारण पाऊस नसतो, ऊन असते आणि धोका धोक्यासारखा दिसत नाही.

एका मे महिन्यातल्या पौर्णिमेला मी अशा बोटीवर होतो. वारा सकाळपासून पूर्वेचा होता. साडेचारच्या सुमारास काठी वाकली आणि मासा पाण्याबाहेर उसळला. अशा वेळी काठी माशाकडे झुकवून दोर सैल सोडावा लागतो, कारण टार्पनाचे तोंड आतून हाडासारखे कठीण असते आणि ताणलेल्या दोरावर गळ सहज निसटतो किंवा दोर तुटतो. मी तीनदा झुकलो. पंचवीस मिनिटे गेली. मग मानेवर अचानक गार वारा लागला. आमच्या तांडेलाने (म्हणजे बोट चालवणाऱ्याने; होता तो अमेरिकीच, पण मला दुसरा शब्द सुचत नाही) मागे वळून पाहिले, वीज चमकताच तोंडाने आकडे मोजायला सुरुवात केली, आणि अठ्ठावीसवर गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज नऊ-दहा किलोमीटरवर होती आणि माझ्या हातात वीज वाहून नेणारी कार्बनची लांब काठी होती.

त्याने मला विचारले नाही. सुरी काढली, दोर कापला, काठ्या आडव्या ठेवायला लावल्या आणि चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी दोरी स्वतःच्या अंगाला अडकवली. मला राग आला, हे मी कबूल करतो. धक्क्यापर्यंतच्या वाटेत पाऊस आम्हाला गाठून पुढे गेला आणि मागचा पास दिसेनासा झाला.

शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबायचे, असा तेथला नियम आहे. धक्क्यावरच्या पत्र्याखाली आम्ही ती दोनदा नव्याने मोजली. मोजून झाली तेव्हा ओहोटी ओसरत आली होती, आणि तांडेल उद्याच्या ओहोटीची वेळ पाहत होता. ती आजच्याहून पाऊण तासाने उशिरा होती.