आधी प्रश्न, मग पुस्तक

नमस्कार श्रोतेहो.

धान निसवायला लागतं, सहामाही परीक्षा जवळ येते आणि घराघरात प्रकल्पवह्या निघतात. चौथी-पाचवीचं लेकरू रात्री जेवताना सांगतं, "उद्या प्रकल्प द्यायचा आहे." मग वडिलांचा मोबाइल बाहेर येतो. विषय टाकायचा, वर जे पहिलं दिसेल ते उतरवायचं, शेजारी दुकानातलं रंगीत चित्र चिकटवायचं. ही विकतची चित्रं मला मुळीच पटत नाहीत. लेकराने स्वतः काढलेला वाकडा बैल वहीत असू द्या, त्यात त्याने बैलाकडे पाहिलेलं तरी असतं.

पण आज बोलायचं आहे माहितीबद्दल. माहिती कुठून घ्यायची, आणि समोर आली तरी कोणती सोडून द्यायची.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवत होते. पाचवीतल्या एका मुलीने विषय घेतला, "आमच्या गावचा तलाव". दुसऱ्या दिवशी ती कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन आली. मोठ्या भावाने इंटरनेटवरून छापून आणला होता. त्यात लोणार होतं: बुलढाणा जिल्हा, उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेला खड्डा, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं पाणी. ओडिशातलं चिल्का होतं. सगळी माहिती खरी होती. पण त्यात तिच्या गावचा तलाव कुठेच नव्हता.

मी गठ्ठा बाजूला ठेवला आणि विचारलं, "बेटा, तुला तलावाचं नेमकं काय जाणून घ्यायचं आहे?" बराच वेळ ती वेणीच्या रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, धान निसवते तवा पाण्यावरून दरसाल भांडन होते. पहिले पाणी कोनाले भेटावं, हे कोन ठरवते?"

श्रोतेहो, हा झाला प्रश्न. प्रश्न हाती आला की गठ्ठ्यातली निम्मी पानं आपोआप गळतात. आम्ही दोघी खाली बसलो. एकेक पान उचलायचं आणि पाहायचं, हे पान पाण्याच्या पाळीबद्दल काही सांगतं का? लोणारचं पाणी खारं, त्यावर धान होत नाही. ते पान गेलं. चिल्का गेलं. एकच पान उरलं. कोहळी लोकांनी बांधलेले आपल्या पूर्व विदर्भातले तलाव, पुढे मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांचा अंमल, आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे कसे आले, हे त्यात होतं. पाळी आधी कोण ठरवत असेल, हे त्या पानावरून तिला कळू लागलं.

पण तिच्या गावचं काय? ते छापून आलेलं नव्हतं. मी म्हटलं, गावात विचार. ती आधी पाटाचं पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे गेली. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर बसून त्यांनी सांगितलं, "तुडुम उघडला का पहिलं पाणी शेवटच्या बांधीले, मंग वरच्याईले." तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी, आणि बांधी म्हणजे धानाचं खाचर. मग ती एका शेतकऱ्याकडे गेली. ते ठामपणे म्हणाले, "तुडुमाजवळच्याचा हक्क पहिला. असंच चालत आलं."

आता दोन मोठी माणसं, दोन उत्तरं. मला वाटलं, पोर गोंधळेल. पण ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, दोघाईची बांधी कोठी आहे ते पाहा ना." तिने नकाशा काढला होता. पाटकऱ्याची बांधी पाटाच्या पार शेवटी, शेतकऱ्याची तुडुमाला लागून! सांगणारा माणूस कुठे उभा राहून सांगतो, हे पाहायला त्या लेकराला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते आठवलं की आजही मला आनंद होतो.

मग आम्ही तलाठ्याकडे गेलो. आपल्याकडे निस्तार पत्रक असतं, वाजिब-उल-अर्ज असतो. गावाची रीत, पाण्याचा हक्क, मासेमारी, वहिवाट यांच्या नोंदी त्यात असतात. तलाठीभाऊंनी तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळवून दिली. त्या तलावाच्या नोंदीत पाळी शेवटच्या बांधीपासून लिहिलेली होती. तिने वहीत तिन्ही गोष्टी लिहिल्या: पाटकरी काय म्हणाले, शेतकरी काय म्हणाले, कागदात काय आहे. प्रत्येकापुढे तारीख. एकही खोडली नाही.

त्या तलावाचा अर्धा काठ बेशरमाच्या झुडपांनी भरलेला होता. विषय निघालाच आहे तर सांगते, गावकऱ्यांनो, ती बेशरम मुळासकट काढा. नुसती कापली तर पुन्हा फुटते.

तर आधी प्रश्न, मग पुस्तक. पुन्हा सांगते, आधी प्रश्न, मग पुस्तक. मराठी विश्वकोश चांगला आहे, मोबाइलवर फुकट वाचता येतो. बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही तसेच मिळतात. पण चांगलं पुस्तक वेगळं आणि आपल्या प्रश्नाला उपयोगी पडणारं पुस्तक वेगळं. लेकराला त्यातल्या चार ओळी मोठ्याने वाचू द्या आणि मग पुस्तक मिटून सांगायला लावा. सांगता आलं नाही, तर ते पान त्याच्यासाठी नाही. ते मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे.

आणि पुस्तकाचं साल बघा. जुन्या पुस्तकात नवेगावबांध भंडारा जिल्ह्यात सापडेल, नव्यात गोंदिया जिल्ह्यात. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दोन्ही पुस्तकं आपापल्या काळी बरोबर, पण आजच्या वहीत आजचा जिल्हा लिहायचा.

शिक्षक मित्रांनो, एक विनंती. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कार्यालयात ठेवू नका. वर्गातल्या खिळ्याला अडकवा. पुस्तक फाटलं तर चिकटवता येतं.

पालकांनो, आज संध्याकाळी प्रकल्पवही मागून पाहा. पहिल्या पानावर प्रश्न लिहिलेला नसेल तर मोबाइल देऊ नका, आधी प्रश्न लिहून घ्या. त्याखाली तीन ओळी मोकळ्या सोडा: कोणाला विचारलं, काय वाचलं, ते कोणत्या सालचं. या ओळी लेकरू स्वतःच्या हाताने भरेल.

नमस्कार.