चार नकारांच्या आत

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

७ डिसेंबर १९७३ रोजी आपल्या याच इंदूर शहरात एका फ्रेंच संन्याशाने देह ठेवला. त्याचे मूळ नाव आंरी ल सो, आणि जन्म १९१० सालचा, ब्रिटनी प्रांतातला. बेनेडिक्ट संघाचा हा व्रतस्थ १९४८ साली भारतात आला, तमिळनाडूतील अरुणाचल पर्वताच्या गुहांमध्ये राहिला, रमण महर्षींच्या दर्शनाने आमूलाग्र हलून गेला आणि अभिषिक्तानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. उपनिषदांतले अद्वैत त्याने मनोमन स्वीकारले होते, आणि तरीही भाकर व द्राक्षारस हाती घेऊन मिस्सा अर्पण करणे त्याने सोडले नाही. इंदुरात इतकी वर्षे राहणाऱ्या माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दर रविवारी उभे राहून आपण जो मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची ठरीव कबुली, म्हणतो, तो आणि गूढानुभवी संतांनी ज्याच्यापुढे वाणी टेकली ते, ही दोन वेगळी सत्ये आहेत की एकच?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्या अवतीभवती नेहमी ऐकू येतात. आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, काही वडीलधारे म्हणतात की गूढवाद म्हणजे विश्वास पातळ करण्याची वाट आहे. त्या वाटेने गेलेल्याला शेवटी ख्रिस्ताची गरज उरत नाही. उलट ध्यानधारणेची ओढ असलेले आमचेच काही तरुण म्हणतात की धर्मसभांनी, म्हणजे बिशपांच्या परिषदांनी, घडवलेली विश्वासाची सूत्रे ही टरफले आहेत, ती फोडून टाकावीत आणि आतला गर घ्यावा. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात, आणि दोहोंची चूक एकाच जागी आहे: ती सूत्रे प्रत्यक्षात काय म्हणतात हे दोन्ही पक्षांनी नीट वाचलेले नाही.

इ. स. ४५१ मध्ये खाल्किदोन येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या कादिकोय भागात, जी धर्मसभा भरली तिच्या निर्णयाचे उदाहरण घेऊ. ख्रिस्त पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्य आहे, व्यक्ती मात्र एकच आहे, असे त्या सभेने ठामपणे सांगितले. पण ही दोन स्वरूपे एका व्यक्तीत कशी नांदतात, हे सांगायची वेळ आली तेव्हा सभेने चार ग्रीक क्रियाविशेषणे वापरली आणि ती चारही नकारार्थी आहेत: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. ज्याला आपण परंपरेचा सर्वांत कठोर दगड समजतो, त्याच्या गाभ्याशी ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर नाही. तिथे चार बाजूंनी घातलेले कुंपण आहे आणि आतली जागा मोकळी ठेवलेली आहे. (कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियन परंपरेतील ज्या मंडळींनी ही भाषा नाकारली, केरळातील मलंकरा सिरियन मंडळी त्यांच्याच कुळातली आहे, त्यांचाही आग्रह ख्रिस्ताच्या एकत्वाला धक्का लागू नये इतकाच होता.) पुढे १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेने आणखी स्पष्ट केले की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्यांच्यातला भेद त्याहून मोठाच राहतो. हे वाक्य एखाद्या एकांतवासी योग्याचे वाटावे असे आहे, पण ते अधिकृत धर्मसभेच्या दप्तरातले आहे.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीत तर हा प्रश्न उघडपणे न्यायासनापुढे आला. चौदाव्या शतकात ग्रीसमधील आथोस पर्वतावरील व्रतस्थ श्वासाच्या लयीवर येशूचे नाव जपत आणि प्रार्थनेत आपल्याला देवाचा प्रकाश दिसतो असे सांगत, तेव्हा ही भ्रांती आहे असा आक्षेप घेतला गेला. ग्रेगरी पालामास यांनी त्यांची बाजू मांडताना देवाचे तत्त्व आणि देवाच्या शक्ती असा भेद केला: तत्त्व कायम अगम्य, पण शक्तींच्या द्वारे देव स्वतःच खरोखर भेटतो. १३४१ ते १३५१ या दशकात कॉन्स्टँटिनोपलच्या सभांनी हा विचार मान्य केला. म्हणजे अनुभवाचे रक्षण करण्यासाठीच इथे सिद्धान्त घडवावा लागला.

परंतु हे सारे असेच सुखाने जुळत गेले असे मी सांगू लागलो तर ते खोटे ठरेल. १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये मार्गरीट पोरेट या स्त्रीला जिवंत जाळण्यात आले, कारण प्रेमात विरून गेलेल्या आत्म्याविषयी लिहिलेला आपला ग्रंथ मागे घ्यायला तिने नकार दिला. जर्मन गूढवादी धर्मोपदेशक माईस्टर एकहार्ट यांची अठ्ठावीस विधाने १३२९ साली पोपच्या आज्ञापत्राने दोषी किंवा संशयास्पद ठरवली गेली. तोवर ते वारले होते. पोरेटच्या ग्रंथाची पुढची कहाणी मला फार विचार करायला लावते. लेखिकेचे नाव पुसले गेले, पण ग्रंथाच्या नकला होत राहिल्या, त्याची भाषांतरे झाली, मठांमधून तो श्रद्धेने वाचला गेला. तो तिचाच आहे हे १९४६ साली रोमाना ग्वारनिएरी या इटालियन अभ्यासिकेने दाखवून दिले. ज्या मंडळीच्या न्यायाधिकाऱ्यांनी तिला दोषी ठरवले, त्याच मंडळीच्या व्रतस्थांनी तिचे शब्द सहा शतके सांभाळले. परंपरा म्हणजे केवळ न्यायासन, अशी समजूत करून घेतली तर हे सांभाळणारे हात आपल्याला दिसत नाहीत. आणि ते हात दिसले म्हणून जाळणाऱ्यांचा अपराध कमीही होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. अनुभवाला परंपरेची गरज काय, याचे उत्तर मला स्पेनमधील संत, अविलाच्या तेरेसाकडे (१५१५–१५८२) सर्वांत स्वच्छ मिळते. तिच्या काळी काही आध्यात्मिक पुस्तके सांगत की प्रार्थनेच्या वरच्या पायऱ्यांवर सर्व देहधारी गोष्टींचे चिंतन सोडावे, अगदी ख्रिस्ताच्या मनुष्यपणाचेही. तेरेसाने काही काळ तसे करून पाहिले, आणि पुढे आपल्या आत्मकथनात ती मोठी चूक होती असे खेदाने लिहिले. कितीही उंच गेले तरी घाम गाळणारा, थकणारा, क्रुसावर मरणारा येशू सोडायचा नाही, हा तिचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. आपल्याला सगुण-निर्गुणाची भाषा परिचित असल्यामुळे तिचे म्हणणे चटकन कळते, पण इथे एक फरक सांभाळला पाहिजे. मतांगीकारात पंतय पिलात या एका रोमन अधिकाऱ्याचे नाव आहे. लहानपणी आजीच्या शेजारी उभा राहून ते नाव म्हणताना मला नेहमी प्रश्न पडे की इतक्या पवित्र शब्दांत या भित्र्या माणसाला जागा कशासाठी? आज वाटते की ते नाव तिथे खुंटीसारखे ठोकलेले आहे: ही गोष्ट अमुक काळी, अमुक ठिकाणी, एका खऱ्या देहाच्या बाबतीत घडली. ती खुंटी काढली की ध्यानात उरतो तो आपल्याच मनाचा प्रकाश, आणि त्याला आपण ख्रिस्त म्हणू लागतो. अनुभव खोटा नसतो, पण तो कोणाचा अनुभव आहे हे अनुभव स्वतः सांगू शकत नाही.

मराठी माणसाला हे सारे परक्या देशांत शोधायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. दोन दशकांहून अधिक काळ मिशनचे काम केल्यावर १९१७ साली ते त्यातून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारू लागले, ज्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा असावी. दोनच वर्षांनी ते गेले. मिशनचा पगार सोडला म्हणून त्यांनी ख्रिस्तमंडळी सोडली असे मी मानत नाही. तिचे अंगण मोठे करायला ते निघाले होते. त्यांचे अभंग आजही आमच्या उपासनेत टाळांवर गायले जातात, त्याच उपासनेत, जिथे मतांगीकारही म्हटला जातो.

अभिषिक्तानंदांकडे परत येतो. अद्वैताचा अनुभव आणि त्रैक्याचा, म्हणजे एकाच देवातील तीन व्यक्तींचा, सिद्धान्त यांची सांगड घालण्याचा त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केला. सत्, चित् आणि आनंद या शब्दांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे स्तवन बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ सालीच केले होते. त्या वाटेने अभिषिक्तानंद फार पुढे गेले, आणि अखेरीस कोणतीच मांडणी पुरत नाही अशा ठिकाणी पोहोचले. जुलै १९७३ मध्ये ऋषिकेश येथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जीवन आणि मरण यांच्या मधल्या त्या घटकेला त्यांनी जागृती म्हटले, आणि त्यानंतरचे दिवस दान म्हणून मिळाले आहेत अशा आनंदाने ते जगले. त्यांतले अखेरचे दिवस या शहरात, इथल्या एका शुश्रूषागृहात गेले. दोन्ही टोके त्यांच्या हाती तशीच होती, आणि ती सुटू न देता ते इथे थांबले.